तिरकी उभी केलेली गाडी

प्रिय गारगोटी,

पाणी लागल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर कळवलं असेलच, आणि 'लागलं, ठेवतो' एवढंच म्हणून फोन ठेवलाही असेल. माझाच भाऊ तो, मला माहीत नाही का? म्हणून मीच सगळं पहिल्यापासून सांगते.

तू हिरमुसून गेलीस, तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की मी दादाशी दोन दिवस धड बोलले नाही. इथे वर पठारावर आमची मोजकी घरं उरलीत. झरा आटलाय, टँकर चढण चढायला कुरकुर करतो. कचेरीने स्पष्ट सांगितलं होतं, हा शेवटचा बोअर. कोरडा गेला तर सगळ्यांनी खाली वसाहतीत राहायला जायचं. माझं घर, माझी शिवणाची खोली, सगळं सोडायचं. त्यात तू, कालची पोर, आयुष्यभर बोअर मारणाऱ्या बापाला चारचौघांत म्हणालीस की जागा चुकतेय. काय तोंड झालं होतं गं त्याचं! 'पुस्तकं वाचून पाणी निघत नसतं' म्हणाला, आणि तू ताटावरून उठलीस.

तुझं म्हणणं मी शेजारणीला माझ्या भाषेत समजावलं. म्हटलं, हा ग्रॅनाइट, याच्या अंगात पाणी राहतच नाही, राहिलं तर तड्यांत. कधीकाळी इथून बर्फाची नदी सरकत गेली. तडे गेलेला गिलावा जसा नखानेही निघतो, तसा तिने जिथे तडे दाट तिथला दगड उपटून नेला, आणि आपली सरळसोट दरी झाली. जिथे दगड धड होता तिथे तिचं काही चालेना, तिने तो नुसता घासून गुळगुळीत केला. आणि आमचे बोअरवाले नेमके त्या गुळगुळीत कातळावरच जाणार, कारण बोअरची गाडी तिथे सपाट उभी राहते! मागचे सगळे बोअर तिथेच कोरडे गेले. दरी वर येऊन संपते असं आम्हाला वाटायचं; तू म्हणालीस, तडे तसेच पुढे गेलेत, त्या धोंड्यांनी भरलेल्या घळीत. शेजारीण म्हणाली, पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, भाची कुणाची?

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्याकडून पाण्याची कळशी घेऊन निघाला. मीही गेले मागोमाग. त्याने सपाट कातळावर पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. थेंबही मुरला नाही, सगळं वाहून गेलं. मग घळीत गेला, धोंड्यांच्या फटीत उरलेलं ओतलं. गडप! लगेच बोअरची गाडी घळीत वळवायला सांगितली. फळ्या मागवल्या, चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि तिरकी उभी राहिलेली गाडी अर्धा दिवस खपून समतोल केली. लोक हसत होते, तो घाम पुसत होता.

बोअर सुरू झाला आणि नुसती पांढरी भुकटी उडत राहिली, तेव्हा मी मनातल्या मनात शिवणाची खोली आवरायला घेतली, खोटं कशाला सांगू. शेजारणीने तर भांडी बांधायची भाषा सुरू केली. मग भुकटीचा चिखल झाला, आणि एकदम पाणी असं उसळलं की आम्ही सगळ्या नखशिखांत भिजलो. मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

आता पत्र का लिहिलं ते ऐक, कारण हे तो तुला जन्मात सांगणार नाही. कचेरीचे साहेब आले, दादाचा हात हातात घेऊन म्हणाले की शेवटी अनुभवच कामी आला. सगळी वस्ती उभी होती. आयुष्यभर 'मी, मी' करणारा माझा भाऊ मान ताठ करून म्हणाला, "जागा माझ्या लेकीने दाखवली. मी नुसतं भोक पाडलं."

अभिमानाने फुगलेली,
तुझीच आत्या