मी गेल्यावर किबिबीने पांघरायचा लेसो

अल्लाच्या नावाने. मी, बर्के बिन्ती अथमान, वय अंदाजे बहात्तर, राहणार लांगोनी मोहल्ला, लामू, धंदा टोप्या शिवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची साक्ष काझींना लागत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात माझ्या मैत्रिणीला, किबिबीला, बरंच काही गेलं असतं, म्हणून उशीर झाला तेच बरं.

१. शरियतप्रमाणे माझ्या मिळकतीच्या तीन हिश्शांपैकी दोन वारसांचे आहेत. त्यात अर्धं माझी लेक राया हिचं आणि उरलेलं माझा भाऊ लाली याचं. दगडी घर दोघांचं. लालीने दारातल्या ओट्यावर बसून दिवसभर कॉफी पीत गावाचा न्यायनिवाडा करू नये. राया तोंडाने बोलणार नाही, म्हणून मी इथे लिहिते.

२. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. त्याचा निवाडा पुढे आहे.

३. सुया, दोऱ्यांचा डबा आणि टोपी ताणून वाळवायचा लाकडी ठोकळा शेजारच्या एशाला द्यावा. तिचा टाका सैल पडतो, हे तिला मी तोंडावर सांगितलेलं आहे. सैल पडतो एवढंच सांगितलं. तुला जमणारच नाही, असं कधी म्हटलं नाही. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, तो मला चांगला ठाऊक आहे.

४. गाढव लालीला. त्यांचं एकमेकांशी पटतं.

५. आता माझ्या वह्या. एकूण अकरा आहेत. त्यांच्याबद्दल नीट लिहायचं तर मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे बाई जे बोलू शकत नाही ते तिचा लेसो, म्हणजे अंगावर पांघरायचं छापील कापड, बोलतो. सवतीला, सासूला, नवऱ्याला ऐकवायचं असेल ते कापडावर छापलेलं मिळतं. त्या ओळीचा लेसो पांघरून बाई त्या माणसासमोरून सावकाश चालत जाते. अशा ओळी मला लहानपणापासून सुचत. टोपी शिवताना सुचत, भात वैरताना सुचत. मी त्या वहीत उतरवून ठेवी आणि एकाच माणसाला वाचून दाखवी, ती म्हणजे किबिबी. आम्ही एका अंगणात वाढलो. लेसोची जोडी घेतली की मधोमध कापून एक तुकडा तिचा, एक माझा.

किबिबी दर वर्षी ईदनंतर मोम्बासाला बहिणीकडे जाई. तिथल्या कापडाच्या व्यापाऱ्याला माझ्या ओळी दाखवते म्हणाली. मी वही दिली. परत आली ती मान हलवतच.

"हसला गं मेला. म्हणाला, या ओळी लंगड्या आहेत. असलं कोण अंगावर घेणार?"

"एकही नाही आवडली?"

"तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या टोप्या चांगल्या असतात की."

सहा वर्षं मी ओळी पाठवल्या आणि सहा वर्षं त्या लंगड्या निघाल्या. मग मी कानाला खडा लावला. चौदा वर्षं एक अक्षर लिहिलं नाही. ओळ सुचली की मीच तिला म्हणे, तू लंगडी आहेस, बस खाली. तेव्हा ऐकू येणारा आवाज किबिबीचा असे, पण मला वाटे तो माझाच आहे.

लालीच्या मुलाच्या लग्नात नवरीची आत्या दूर दक्षिणेच्या टांगा शहराहून आली, तिचं नाव तातू. ती पाठमोरी बसली आणि तिच्या पाठीवर माझी ओळ होती: "माझी चूल पेटली, तुझा डोळा का चुरचुरतो?" शब्द न् शब्द माझा. आमच्याकडे कोणी ओळ पांघरून समोर आली की ती कोणासाठी आहे हे विचारायचं नसतं, ओळखायचं असतं. मी ओळखलं की ती माझ्यासाठी. किबिबीने माझी लंगडी ओळ या बाईला सांगितली असणार आणि माझी टर उडवायला हिने ती मुद्दाम कापडावर घेतली. मी भर मांडवात तिच्यासमोर उभी राहिले.

"पाहुणीबाई, घरी बोलावून जेवू घातलं आणि तुम्ही आमचीच थट्टा पाठीवर घेऊन आलात?"

त्या बिचारीने हातातला घास परत ताटात ठेवला. "अहो ताई, कसली थट्टा? हा लेसो मी आमच्या बाजारात घेतला. शेवटच्या जोडीसाठी माझी आणि नणंदेची ओढाताण झाली. अजून बोलत नाही ती माझ्याशी. दुकानदार सांगतो, या ओळी लामूच्या कोणा किबिबीच्या. काय बाई लिहायची! मध्येच बंद झाल्या. आमच्याकडच्या बायका अजून दुकानात विचारतात, नवीन आली का म्हणून."

त्या क्षणी मला आनंद झाला, हे मी शपथेवर लिहिते. आधी आनंद झाला आणि मग पायाखालची जमीन सरकली. टांगात बायका माझ्या ओळींसाठी भांडत होत्या आणि मी इथे टोप्यांना नक्षीची भोकं पाडत बसले होते.

किबिबी तिथेच होती, मेंदीचे हात वाळवत. मी विचारलं, तर तिने नाकारलंसुद्धा नाही.

"व्यापाऱ्याला मी सांगितलं, लामूत पाठवू नका. तिथे प्रत्येकीला वाटेल ओळ आपल्यावरच आहे, भांडणं होतील. त्याला पटलं."

"आणि मला लंगड्या म्हणालीस ते?"

"चांगल्या म्हटलं असतं तर तू पुढच्या बोटीने स्वतःच गेली असतीस. मग मोम्बासात मला कोण विचारणार होतं, बर्के? तुला टोप्या येतात, ओळी येतात. मला काय येतं?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते ठीक आहे. बीळ मी परत खणलं असतं. पण हिने मला पटवून दिलं होतं की मला खणताच येत नाही. ओळी चोरल्या त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. ती चौदा वर्षं मात्र तिने माझ्याच हातून मारली. केसाने गळा कापला, आणि केस माझेच वापरले.

त्यानंतर मी पुन्हा लिहायला बसले. सोपं नव्हतं. पहिल्या वर्षी प्रत्येक ओळीपाशी तिचा आवाज येई. मग मी एक नेम केला: लंगडी तर लंगडी, ओळ पुरी लिहायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. अशा सहा वह्या झाल्या. पहिल्या पाच धरून अकरा.

या अकरा वह्या मी तिसऱ्या हिश्शातून टांगाच्या तातूला देते. मांडवात मी तिला नाही नाही ते बोलले, तरी दर ईदला तिचं पत्र येतं. तिने त्या हव्या त्या व्यापाऱ्याला दाखवाव्यात. लेसोवर नाव छापत नाहीत हे मला माहीत आहे. पण कोणी विचारलं तर बर्केच्या म्हणून सांगावं.

६. किबिबी. गेल्या शुक्रवारी ती हलव्याची वाटी घेऊन आली. रायाने तिला आत घेतलं, मला न विचारता.

"बर्के, दोघींचे पाय कबरीत आहेत. मला माफ कर आणि मोकळी कर."

"माझे अजून उंबऱ्यावर आहेत," मी म्हटलं. "आणि हलव्यात साखर जास्त झालीय."

ती रडली. मीही रडले, ती गेल्यावर. तोंडाने मला माफ करता येत नाही, मी करून पाहिलं. म्हणून आमच्या रीतीने करते. कपाटात एक साधा पांढरा लेसो आहे. त्यावर मी टोपीच्या टाक्याने स्वतः एक ओळ शिवली आहे. उसवली तरी भोकं राहतील. माझ्या मयतीनंतर तिसऱ्या दिवशी दुआसाठी बायका जमतील, तेव्हा किबिबीने तो पांघरून सगळ्यांमधून, सावकाश, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं. चालली तर माझा तिच्यावर काही दावा उरला नाही. नाही चालली तर कयामतीच्या दिवशी भेटू. ओळ तिच्या तोंडची आहे, ती अशी:

"पाणी विहिरीचं होतं, मी नुसता दोर."

दोर नसता तर पाणी टांगापर्यंत पोचलं नसतं, हेही त्यात आलं आहे. ते तिला कळेल. तिला ओळी कळतात, हेच तर दुःख आहे.

आयुष्यभर, ओळ झाली की चांगली आहे का, हे मी एकाच माणसाला विचारत आले. ही मी कोणालाही दाखवलेली नाही. साक्षीदारांनी सहीपुरतं बोलावं, मत देऊ नये. ओळ चांगली आहे.

बर्के बिन्ती अथमान
(माझीच सही)

साक्षीदार: १. शेबवाना हमिसी, मदरशात शिकवणारे
२. अबूद ओमर, होड्यांचे सुतार

ठिकाण: लांगोनी, लामू
बुधवार, ९ शाबान १४१५, म्हणजे ११ जानेवारी १९९५