सुधीरभाऊंचं नाव पुकारलं नाही

रविवार, संध्याकाळ. सिंदी मेघे.

आज घरी धाकट्या भावाचं पुण्यानुमोदन झालं, बुद्धवंदना आणि आदरांजलीचा कार्यक्रम. पाण्याच्या मोर्चात लाठीमार झाला, त्यात तो गेला. पोलिस म्हणतात, पळताना पडला. खरं काय ते फक्त सुधीरभाऊंनी आपल्या साप्ताहिकात छापलं, तर अफवा पसरवल्याचा गुन्हा त्यांच्यावरच. कालच जामिनावर सुटले. आज आले आणि दाराशी चपलांजवळ बसले. पुढे जागा होती, तरी चपलांजवळ.

वंदना झाल्यावर आदरांजलीसाठी नावं मीच पुकारत होतो. साध्या कपड्यांत पोलिस ठाण्यातले दोघं मागे बसलेले. मी सगळ्यांना बोलावलं, सुधीरभाऊंना नाही. शाळेतल्या नोकरीसाठी? की नुसतीच भीती?

आईनं आत गाठलं. "सुधीरले काऊन नाई बोलावलं?"

"वेळ झाला होता, आई."

"तुहा मामा एवढं भाषण घोळत बसला, तवा वेळ होता?"

मी बाहेर आलो तोवर चपलांजवळची जागा रिकामी. ते न जेवताच गेले होते.

ठाण्यातला एक जण जवळ आला. "सर, कार्यक्रम शांततेत केला, बरं वाटलं."

मी हात जोडले. वर म्हणालो, "जेवून जा."