नोनिताचं दुकान अजून चालू का आहे, याबद्दल

सान रोके,
सणाच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार

प्रिय रेमेदियोस,

तू, तुझी लेक आणि नवं बाळ तिघंही देवाच्या कृपेने सुखरूप असाल असं धरून चालते. बागियोच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव, आणि बाळाला लोकरीत इतकं गुंडाळू नकोस की श्वास घ्यायला त्याला अर्ज करावा लागेल. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब जरा वर आहे असं डॉक्टर म्हणतो, पण तो माझाच विद्यार्थी आणि अपूर्णांकांत दोनदा नापास झालेला, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही.

तुझे दोन निरोप आणि लाल तोंडाचं एक चित्र मिळालं. नोनिताचं कम्प्युटरचं दुकान अजून बंद का झालं नाही, असं तू विचारतेस. विचारण्याचा तुला हक्क आहे. आपल्या वस्तीच्या, म्हणजे बरांगायच्या कप्तानांनी आपल्या दोघींना शब्द दिला होता, की नोनिताचा परवाना सणाला संपतोय, तुम्ही दोघी बायका म्हणाल तसं करतो. तू जाताना ‘बंद’ म्हणून गेलीस. मी काहीच म्हणाले नव्हते. तीस वर्षं शाळा चालवताना मी न बघता कुणाला शिक्षा केली नाही (बघून मात्र भरपूर केल्या), आणि निवृत्तीनंतर ती सवय मोडायचं कारण दिसेना. या दुकानावर नोनिताच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालतं हेही तुला ठाऊक आहे. म्हणून मी माझं स्टूल, पंखा आणि दोन्ही चष्मे घेऊन तिथे जाऊन बसले.

आधी तुझ्या तक्रारीचं सांगते. प्रार्थनाघरात जपमाळेची प्रार्थना चालू असताना शेजारून “कबूलघरात दोघं लपलेत, मारा त्यांना!” असं तू स्वतः ऐकलंस, हे खरं आहे. मीही ऐकलं होतं. पण या खेळात पाच जण बॉम्ब ठेवायला निघतात आणि पाच जण त्यांना अडवतात. हे सगळं कुठल्याशा परदेशी गावात चालतं, ज्याच्या गल्ल्यांना नावं नाहीत. मग पोरांनी आपल्याच गावाची नावं देऊन टाकली आहेत. दगडी चौक म्हणजे मासळीबाजार, लांब पायऱ्या म्हणजे नगरपालिका (चढून जावं आणि हाती काही लागू नये), आणि जिथे एकट्याने अंधारात ताटकळत उभं राहावं लागतं तो अरुंद कोपरा म्हणजे कबूलघर. खऱ्या कबूलघराशी त्याचा संबंध नाही. मी बिबोयला (तोच, भाड्याची ट्रायसिकल रिक्षा चालवतो तो, इथला म्होरक्या) विचारलं, की खऱ्या कबूलघरात पाद्रींना पापं सांगायला तू शेवटचा कधी गेला होतास? तो म्हणाला, “बाई, तिथे गेलो तर बाहेर यायला रात्र होईल.” निदान प्रामाणिक आहे.

दुसरी चौकशी मी पैशांची केली. नोनिता तासाचं भाडं घेते ते यंत्राचं. खेळ मात्र फुकट, फोनवरही आणि कम्प्युटरवरही. फुकट म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. मी खोदून विचारलं, की बनवणाऱ्यांचं पोट कशावर चालतं? तर रंगावर. बंदुकीला जांभळा रंग, सोनेरी रंग, मांजराची चित्रं, हे विकत मिळतं. रंगवलेली बंदूक जास्त जोरात लागते का? नाही. लांब जाते का? नाही. मग घेता कशाला? बिबोयने दाराबाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या ट्रायसिकलकडे बोट दाखवलं, जिच्यावर तीन घोडे, एक गरुड आणि मृत आजीचं नाव रंगवलेलं आहे. या मुद्द्यावर मी माझी वही मिटली.

इथवर मी नुसती बघत होते. पण बघून काही समजेना, कारण पडद्यावर सगळं इतकं भराभर होतं, की मी चष्मा बदलेपर्यंत निम्मे मेलेले असतात. शेवटी नोनिता काउंटरमागून म्हणाली, “बाई, आम्हाला पोहणं पुस्तकातून शिकवलं होतंत का? उतरा की पाण्यात.” बोलणं उद्धट होतं, पण मुद्दा बरोबर होता. मी उतरले.

पहिल्या दिवशी फोनवर खेळले. त्याबद्दल थोडक्यात लिहिते. फोनच्या काचेवर माझा अंगठा ठेवला की अर्धं गाव त्याच्याखाली जातं. शत्रू बहुतेक त्या अर्ध्यात असायचे. हातबॉम्ब फेकायचं बटण आणि खाली बसायचं बटण शेजारी शेजारी आहे. मी बसायला गेले आणि माझे चारही जोडीदार मेले. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. मला चौघंही म्हणाले, “काही हरकत नाही बाई, छान प्रयत्न होता.” शाळेत मी हेच वाक्य किती मुलांना ऐकवलं आहे! ते ऐकायला किती वाईट असतं हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून कम्प्युटरवर बसले. इथे प्रत्येक फेरीआधी खर्चायला खेळातले पैसे मिळतात, त्यातून बंदूक, चिलखत, धुराचे डबे घ्यायचे. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी काही घेतलं नाही. हातात सुरुवातीचं फुकट पिस्तूल होतं, ते चालत होतं (ते चालत होतं, मला चालवता येत नव्हतं, ही वेगळी बाब). फेरीमागून फेरी मी मरत गेले आणि साठवत गेले. बिबोय कळवळून म्हणाला, “बाई, कुणासाठी मागे ठेवताय?” मी त्याला बचतीवर चार शब्द सुनावले. मग अर्धा डाव संपला, बाजू बदलल्या, आणि सगळ्यांचे पैसे पुन्हा पहिल्यासारखे झाले. शिल्लक गेली. हा नियम मला कुणी आधी सांगितला नव्हता. मी नोनिताकडे तक्रारीचं पुस्तक मागितलं, तर तिने मला थंड नारळपाणी दिलं.

आता खरी गोष्ट. सणाच्या स्पर्धेत आपली गाठ नदीपलीकडच्या सान्ता मोनिकाशी आहे, आणि त्यांच्याशी रोज चार वाजता सराव असतो. आपला पाचवा गडी तापाने आडवा झाला म्हणून (आणि केवळ म्हणूनच) मी जागा भरली. नाव घालायचं होतं ते मी रीतसर पूर्ण घातलं, ‘मिसेस एर्मिनिया पालमारेस, निवृत्त मुख्याध्यापिका’. यंत्राने ते ‘मिसेस एर्मिनि’ इथेच तोडलं. आणि रेमेदियोस, त्या दिवशी मला खेळ जमला! मी ताठ मानेने, कुठेही न लपता, थेट मासळीबाजारातून चालत गेले. गोळ्या आजूबाजूला उडत होत्या, मला एक लागली नाही. मी बॉम्ब ठेवला. पुढच्या फेरीत परत ठेवला. मला वाटलं, ही पोरं उगाच उंदरांसारखी कोपऱ्याकोपऱ्यातून पळतात, सगळा प्रश्न पाठीच्या कण्याचा आहे. हे मी त्यांना सांगितलंही. बिबोय खाली बघून कीबोर्ड पुसायला लागला.

तिसऱ्या फेरीत मी एका वळणावर शत्रूच्या समोर आले. अगदी नाकासमोर. त्या बंदूकधाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बंदूक खाली केली आणि तो बाजूला झाला. मला वाट दिली! पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, “नमस्कार माय. सावकाश जा, पुढे पायरी आहे.”

माय! मला गावभर ‘बाई’ म्हणतात. ‘माय’ म्हणतात ती फक्त माझी धर्माची लेकरं, ज्यांना बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी या हातांनी धरलं ती. चौकशीत निष्पन्न झालं, की ती रोवेना होती, आपल्या बँकेतली, दिसायला गरीब आणि सान्ता मोनिकाची सर्वांत अचूक नेमबाज. त्या पाच जणांत तीन माझी धर्मलेकरं आणि उरलेले दोघं माझे विद्यार्थी. पाचांनी आधीच ठरवलं होतं, की मायवर गोळी झाडायची नाही, पाप लागेल, शिवाय नाताळ जवळ येतोय, मायकडून मिळायची भेट बुडेल.

मला संताप आला. तुला कल्पना असेल. म्हणजे मी तीन फेऱ्या शूर नव्हते, नुसती वडीलधारी होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ते यंत्र सुरू केलं आणि म्हटलं, “रोवेना, मी तुला कॉपी करायला शिकवलं नाही, तशी दया दाखवायलाही शिकवलं नाही. झाड गोळी.”

“नाही हो माय, हात उचलत नाही.”

“डिसेंबरात तुझ्या लग्नाला साक्षीदार म्हणून मी उभी राहायची आहे ना? आत्ता गोळी झाडली नाहीस तर मी त्या दिवशी डॉक्टरकडे दात काढून घ्यायला जाईन.”

मग पाचही जणांनी एकदम झाडल्या. एका माणसाला मारायला इतका दारूगोळा लागत नाही असं बिबोयचं मत पडलं. नोनिता हसून हसून काउंटरखाली बसली.

मेल्यावर इथे बाहेर काढत नाहीत. मेलेल्याने उरलेल्यांच्या डोळ्यांतून पुढचं बघत बसायचं असतं, आणि मेलेलेच जास्त सल्ले देतात (आपल्या प्रार्थनाघराच्या समितीसारखंच). तेव्हा पहिल्यांदा मी मरण्याच्या घाईत नव्हते, म्हणून नीट ऐकलं. आमच्यातला एक गडी दुकानात नव्हता. ‘बाच्चोय’ नावाने तो फोनवरून खेळत होता, कुठल्याशा बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरून. जहाज किनाऱ्याला लागलं की तो या खेळात येतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये जी थोडी उसंत असते तेवढ्यात तो बोलायचा, आणि काय बोलायचा! जहाजाचा आचारी आंबट रश्शात साखर घालतो. गाण्याचं यंत्र लावलं की बोटीवरचा म्हातारा मुकादम प्रत्येक गाण्याला रडतो. दाढ दुखते आहे. पुढच्या हुद्द्याची परीक्षा त्याने दिली होती, तिचं काय झालं हे त्याने घरी सांगितलेलं नाही, या चौघांना सांगितलं आहे. बिबोय धुराचा डबा फेकता फेकता त्याला म्हणाला, “परत दे. मी लायसन्सला तिसऱ्यांदा पास झालो, आणि ते फक्त ट्रायसिकलचं होतं.” एवढंच. मग दोघं मिळून बॉम्ब निकामी करायला पळाले.

माझं नाव ऐकून तोही मध्येच ओरडला होता, “माय, वाका!” मी वर्गात हजेरीला लावायचे तो आवाज लावला आणि म्हटलं, “बाच्चोय, पूर्ण नाव.” समुद्राच्या घरघरीतून पूर्ण नाव आलं, आणि त्यापुढे “हजर, बाई.” ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला आहे. माझ्या धर्मलेकरांपैकी निम्मी जहाजांवर आहेत, तेव्हा तर्क करत बसू नकोस.

माझं मत असं बनलं आहे. खेळात गोळीबार आहे, तो मला आवडत नाही, आणि आवाज फार आहे. त्यावर मी अट घातली, की माळेच्या वेळी बोलायचं यंत्र बंद. ती पाळली जाते. त्या वेळात हातवाऱ्यांवर खेळून ते सारखे हरतात. आणि काल माळेनंतरच्या लितानीला, संतांची नावं घेताना, दुकानाच्या खिडकीतून “आम्हांसाठी विनंती कर” असा प्रतिसाद आला, जो आपल्या गायकवृंदापेक्षा वेळेवर होता. पण दुकान बंद झालं तर ही पोरं बंदुका सोडून माळ ओढतील, असं समजण्याइतकी मी भोळी नाही. ती फक्त वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या फोनवर, एकेकटी बसतील, आणि जहाजावरच्याला कुणाशी बोलावं हे कळणार नाही. तरीही निर्णय दोघींचा आहे. तुझ्या मताशिवाय मी कप्तानांना एक अक्षर बोलणार नाही.

लेकीला आशीर्वाद, बाळाचा मुका घे.

तुझी,
एर्मिनिया

ता. क. येताना स्ट्रॉबेरीचा मुरंबा आणि केरसुणी आणू नकोस, गेल्या वर्षीच्या अजून आहेत. तिथल्या मोठ्या बाजारात डोक्याला लावायचं ऐकण्याबोलण्याचं यंत्र बघ. नोनिताकडचं माझ्या अंबाड्यावर बसत नाही. रंग कोणताही चालेल. जांभळा असल्यास बरा.

ता. क. पुन्हा. वरची कप्तानांबद्दलची ओळ सकाळी लिहिली. दुपारी ते स्वतः आले आणि शिक्का हातात घेऊन म्हणाले, “बाई, काय ते एकदाचं सांगा, मला सणाच्या डुकराचं सामान आणायला जायचंय.” मी सांगितलं, की आम्हा दोघींचं ठरलं आहे, परवाना वाढवा. त्यांनी वाढवला. ते तुला फोन करून खात्री करतील. ‘हो’ म्हण. रागवायचं असेल तर माझ्यावर आल्यावर रागव, कप्तानांसमोर नको.

ता. क. आणखी एक, आणि हे तू वाचलेलं नाहीस. गुरुवारी तुझ्या जोमारचं जहाज बुसान बंदराला लागतंय. त्या दिवशी बिबोयला भाडं आहे, म्हणजे आम्हाला एक माणूस कमी आहे. तुझा मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो आणि जेवलो, मिस्साला गेलो, पैसे पाठवले एवढं सांगून ठेवतो, असं तू मला कितीदा रडून सांगितलं आहेस. लेकीला सांगून हा खेळ तिच्या कम्प्युटरवर घालून घे, फुकट आहे. नाव काहीही दे, तुझं सोडून. चारला ये आणि कबूलघराच्या कोपऱ्यात उभी राहा, तिथे तुला कुणी शोधणार नाही. खेळता नाही आलं तरी चालेल. बोलू नकोस, नुसती ऐक. मी त्याला सांगितलेलं नाही. आणि कितीही तोंडाशी आलं तरी ‘जेवलास का’ असं विचारू नकोस, लगेच ओळखेल.