ओल्या रंगातलं बोट

१८ नोव्हेंबर, मंगळ.
खर्र... खर्र... यशवंतमास्तर पत्र्याच्या ताटलीवरचा वाळलेला रंग पातीने खरवडायचे, तो आवाज. आज काशी अंगणात कढई खरवडत होती आणि मी उभ्या उभ्या साठ वर्षं मागे. आठवीचा वर्ग, चित्रकलेचा तास, कुडापलीकडे पाचवीची पोरं एका सुरात कविता म्हणतायत. दोन्ही कायम एकत्रच ऐकलं. अजून एखादी ओळ ओठांवर आली की जवसाच्या तेलाचा वास येतो.
दुपारी भिंतीवरची चित्रं पुसली, कोरड्या मऊ फडक्याने, फक्त चौकटी. सगळी मास्तरांचीच. तीन मूळ, चार प्रती. प्रत म्हणजे कॅनव्हासवर छापून घेतलेली. मग मास्तर प्रत्येकीवर स्वतः ब्रशने रंग चढवतात. कुठे धुकं दाट करतात, कुठे पाण्यावर जास्तीची चमक. एकीसारखी दुसरी नाही. सिद्धगडाच्या दोन प्रती आहेत माझ्याकडे. एकीत ऊन आहे, दुसरीत ऊन येणार आहे.
काशी वरच्या ठाकरवाडीतून येते, केर-भांडी करते. चित्राला नाक लावून म्हणाली, "जवळून नुसता गाळ. लांबून बरा दिसतो. तुमच्यासारका."

२१ नोव्हें., शुक्र.
शहापूरहून ज्योतीचा फोन. मास्तरांची लेक. मास्तर तिच्याकडेच असतात, शहाऐंशी झालं, नजर फार कमी झालीय. संक्रांतीनंतर शहापुरात प्रदर्शन लावायचं म्हणते. शेवटचं, असं ती म्हणाली नाही. मी तसंच ऐकलं.
माझा मूळ 'नदीकाठ' हवाय. त्याच्या नव्या प्रतीही काढायच्यात. फोटो गेल्या महिन्यात काढून नेलाच होता. त्यात तिला उजवीकडे खाली, काठावर, लाल डाग दिसला.
"काका, कुंकवासारखं कायतरी सांडलंय. कल्याणचा एक माणूस आहे, अलगद खरवडून साफ करतो. पाठवू?"
मी म्हणालो, "डाग नाय तो. मास्तरांनीच काढलेली बाई आहे. लाल लुगड्यातली, पाण्याला चाललीय."
खोटं. एका दमात. ती खूश झाली, बाबांना सांगते म्हणाली.

२२ नोव्हें., शनि.
इथे तरी खरं लिहावं.
घरात नवी वस्तू आली की आमची ही, सुमन, तिला हळदकुंकू लावायची. मिक्सरला, माझ्या सायकलला, गॅसच्या दर नव्या सिलिंडरला. 'नदीकाठ' मी शहापूरहून एसटीने आणला. रंग ओला म्हणून अख्खा प्रवास मांडीवर उताणा धरून. शेजारणीच्या टोपलीतली कोंबडी त्यावर मान काढून बघत होती. घरी आलो, चित्र भिंतीला टेकवलं, पाय धुवायला गेलो. तेवढ्यात हिने बोट टेकवलं. ओल्या रंगात.
मी ओरडलो. एसटीतल्या नोकरीतला कंट्रोलरचा आवाज, मुरबाड स्टँडवर पाच गाड्या मागे घ्यायला लावणारा. दोन दिवस मुक्यानेच जेवलो. तिसऱ्या दिवशी वाढताना म्हणाली, "घरात आलं ते आपलं झालं. म्हणून लावलं." एवढंच. पुन्हा कधी विषय नाही.
हळद गळून गेली. कुंकू रंगाबरोबर वाळलं. भिंग धरलं तर बोटाच्या रेषा दिसतात.
ती गेल्याला दोन वर्षं होतील. फोटो आहेत, पण ते कॅमेऱ्याने बघितलेले. हे तिने स्वतः ठेवलेलं. असं दुसरं काही या घरात...

२९ नोव्हें., शनि.
थंडी सुरू. वालाची रोपं वर आलीत. धसईच्या बाजारात गेलो नि पिशवी रिकामीच घेऊन आलो. काय आणायचं होतं तेच आठवेना.
आठवतंय ते भलतंच. वर्गात एकाने पोपट काढून आणला होता, फार सुरेख. मास्तरांनी लांबूनच ओळखलं, पोपट थोरल्या भावाने काढलाय. "माझ्या वर्गात दुसऱ्याचा हात चालायचा नाय." रबराने खोडत राहिले, कागदाला भोक पडेपर्यंत. मग पोराला जवळ घेऊन कोरा कागद दिला.
मास्तरांना कळलं तर? ज्याच्यावर त्यांची सही आहे त्यात दुसऱ्याचं बोट ते ठेवतील? आणि खरवडायचं म्हणाले तर मी चित्र देणार नाही. मग त्यांच्या प्रदर्शनात त्यांचं सगळ्यात चांगलं चित्रच नाही.
ज्योतीला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा थंडीबद्दल बोललो.

३ डिसेंबर, बुध.
सु.ला कविता पाठ होत नसत. एकीची पहिली ओळ घ्यायची, दुसरीची शेवटची जोडायची, नि वर म्हणायची, बसतंय की. मी दुरुस्त करायचो. दर वेळी. काय मिळवलं दुरुस्त करून?

९ डिसें., मंगळ.
ज्योतीने जीपवाल्याबरोबर पहिली प्रत पाठवली. 'नदीकाठ'ची, मास्तरांनी रंग चढवलेली.
हात सुटलाय म्हाताऱ्याचा, पण काय सुटलाय! पाण्यावर जाड पांढरे फराटे, पलीकडच्या झाडीत निळा, आकाशात फिका गुलाबी लोण्यासारखा थापलेला. पाच पावलं मागे गेलो आणि नदी वाहायला लागली. डोळे भरले ते भरलेच.
मग बोट फिरवून पाहिलं. सगळीकडे रंग खरखरीत, उंच-सखल. फक्त उजवीकडे खाली, लाल ठिपक्यापाशी, बोट घसरलं. गुळगुळीत. नुसती छपाई. सगळ्या चित्रावर ब्रश फिरलाय, तेवढी जागा सोडलीय. भोवतीने गोल फिरून गेलाय.
काशीला काही न सांगता विचारलं, तिथे काय दिसतं. तिने मान तिरकी केली.
"कुंकू हाय. आईनी लावलेला. मला काय कळत नाय?"
म्हटलं, बाई नाही वाटत? लाल लुगड्यातली?
"कंची बाय? हात नाय, पाय नाय." मग माझ्याकडे बघून, "का ओ बाबा, तो तुमचा मास्तर आंदला हाय काय?"
आंधळा नाही हीच तर भीती.

१२ डिसें., शुक्र.
मास्तरांना पत्र लिहिलं. सगळं खरं. शेवटी लिहिलं, चित्र तुमचं आहे पण बोट माझं आहे. मग 'माझं' खोडून 'आमचं' केलं. मुरबाडला पोस्टात टाकायला गेलो, पेटीपुढे उभा राहिलो, शर्टाच्या खिशात घालून परत आणलं. उद्या ज्योतीलाच फोन करून सांगेन. उद्या नक्की.

१३ डिसें., शनि.
नाही केला.

१४ डिसें., रवि. सकाळ
घाईत लिहितोय.
नऊच्या सुमाराला दार वाजलं. काशी असणार म्हणून "ढकल गो" म्हणालो. कोणी ढकलेना. उघडलं.
मास्तर.
तीन वर्षं घराचा उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. कानटोपी, ज्योतीची शाल, दोन्ही हातांत काठी. मागे रस्त्यावर भाड्याची गाडी, ज्योती दार लावत होती. लांबूनच म्हणाली, ऐकेचनात, काल दुपारपासून एकच धोशा.
मी वाकलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला. मग म्हणाले,
"मी काढलेली बाई मला आठवत नाय. एवढा नाय विसरलो अजून. बगू दे."
रागाने की कशाने, कळलं नाही. मास्तरांच्या आवाजावरून कधी कळायचंच नाही.
आत आणून बसवलं. म्हटलं, आधी चहा घ्या. 'नदीकाठ' मधल्या खोलीत आहे, दार लोटलेलं. ज्योती घाट किती वाईट होता ते सांगतेय, मास्तर ऐकत नाहीत. चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसतायत. एक काच झाली, आता दुसरी.
चहाला उकळी आली. पत्र खिशात आहे. ते वाचून दाखवू, की आधी दार उघडू