पाठमोऱ्या बाईचं वाक्य

रविवार, ९ मार्च
दुपार

प्रिय नकटे,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड ठणठणीत आहे. मावशीला माझा नमस्कार सांग. तुझ्या नवऱ्याला सांगायचा की नाही, ते तूच ठरव.

‘माफ केलं, एवढे दोन शब्द लिहून पाठव, म्हणजे मी मोकळी’ असं तू लिहिलंस. त्याकडे येते. आधी कामाचं सांगते, कारण तू विचारलंयस.

अजून डबिंगच करते. परदेशी मालिका येतात, त्यातल्या बायकांना मी आपल्या भाषेत बोलतं करते. काचेच्या खोलीत उभं राहायचं, पडद्यावर तिचे ओठ हलले की आपले हलवायचे, मिटले की मिटायचे. सध्याच्या मालिकेत दोन बायका आणि एक पुरुष आहे. त्यातली सोडून दिलेली बाई मी. माझा आवाज ऐकून मला नेहमी हीच कामं देतात.

अशा गोष्टींत तिसरीचं करायचं काय, हा लेखकांपुढे मोठाच पेच असतो. एक तर ती दुष्ट निघते, म्हणजे तिला सोडल्याचं कुणाला वाईट वाटायला नको. नाहीतर आजारी पडून मरते. फारच दया आली तर शेवटच्या भागात कुठून तरी एखादा देखणा डॉक्टर टपकतो आणि तिची सोय लागते. मला आजवर इतके डॉक्टर मिळालेत की एक दवाखाना निघेल.

ही बाई मात्र यातलं काहीच करत नाही. शेवटच्या भागात ती त्याच्या घराची किल्ली परत द्यायला येते. दार दुसरी उघडते, तो मागे उभा असतो. ही किल्ली देते, त्या दुसऱ्या बाईकडे नुसती बघते, पाठ फिरवते आणि जिना उतरते. तोंडातून शब्द नाही.

आमच्या दिग्दर्शकांना ते पटेना. “अहो, लोक इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बघताहेत. त्यांना असं अधांतरी सोडायचं? ती पाठमोरी आहे ना, ओठ कुठे दिसताहेत? टाकू एक वाक्य.” वाक्य त्यांनी लिहूनच आणलं होतं: ‘तुम्ही दोघं सुखी राहा. माझ्या मनात काही नाही.’

“हे ती कुणाला म्हणते?” मी विचारलं.

“त्याला. आणखी कुणाला?”

“पण ती तर तिच्याकडे बघतेय.”

“बाई, प्रेमकथा आहे ही!”

म्हटलं मी ते. पहिल्याच खेपेला झकास झालं, हुंदका हवा तिथे, हवा तेवढाच. काचेपलीकडून त्यांनी अंगठा दाखवला. मी म्हटलं, अजून एकदा घेऊ या. पुन्हा दृश्य लागलं, ती वळली, आणि माझ्या तोंडून निघालं, “तू वर तरी यायचं होतंस.”

“वर? ती तर खाली चाललीय! हे कुठनं आणलंत?” दिग्दर्शक म्हणाले. त्यांनी ते पुसलं आणि पहिलंच ठेवलं. त्यांचं काही चुकलं नाही.

कुठनं आणलं, ते तुला ठाऊक आहे.

त्या दुपारी तो माझ्याकडे आला. तुझं आणि त्याचं जमलंय, हे त्याने सांगितलं. रडला, चहा प्यायला, माफी मागितली. मीही रडले, नको ते बोलले, आणि शेवटी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेले. त्याच्याशी माझं तिथेच मिटलं. पुढे काही महिने जड गेले, मग एके दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं की आज त्याची आठवणच झाली नाही. गोष्टीत शोभावा असा निरोप झाला आमचा.

पण तो जिना उतरल्यावर मी खिडकीशी गेले. खाली स्कूटरपाशी तू उभी होतीस, त्याचं हेल्मेट पोटाशी धरून. तू मान वर केलीस, मी तुला दिसले. मग हेल्मेट त्याच्या हातात दिलंस आणि मागे बसलीस.

एका ताटात जेवलेल्या, एकमेकींच्या उवा काढलेल्या आपण. आणि तुला एक मजला चढवला नाही, नकटे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. तुझ्या लग्नात विघ्न एकच होतं, मी, आणि ते मुकाट्याने घरी बसलं. तेल गेल्याचं मला काही वाटत नाही. तूप गेल्याचं मात्र फार वाटतं, आणि ते तू होतीस. लोक मला त्याच्याबद्दलच विचारायचे. तुझ्याबद्दल कुणी विचारलं नाही, आईनेसुद्धा नाही.

तेव्हा ते दोन शब्द मी लिहीत नाही. मला येत नाहीत असं नाही. म्हणायला सांग, पहिल्याच खेपेला म्हणून दाखवीन. पण ते लिहिले की तू कागद घडी घालून कपाटात ठेवशील, मोकळी होशील, आणि तुला माझ्याकडे यायचं काही कारण उरणार नाही. मला तू मोकळी व्हायला नको आहेस.

ये आणि समोर बसून भांड. एकटी ये.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझीच
मावसबहीण