ताटाखालची नोट

१२ जानेवारी

वही गो, चार दिवस उघडली नाही तर मला विसरलीस ना? मी कमलाक्षी. गोव्यातल्या मांद्र्याच्या हॉटेलवाल्या कृष्णनाथाची आई. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात सिद्धी लिहिते.

आज विशालला झापलं. आमचा बेळगावकडचा वेटर. कोपऱ्यातल्या मेजावर नार्व्याचं म्हातारं जोडपं शीत-हुमणाची, आपल्या भात-कालवणाची, वाट बघत बसलेलं, आणि हा गोऱ्यांच्या मेजाभोवती भिरभिरतोय! गोरे टिप ठेवतात, आपली माणसं बडीशेप चघळत उठतात. म्हणून गोऱ्यांना तळलेली सुंगटं गरम आणि म्हाताऱ्यांना हुमण गार. नार्वे माझं माहेर. तिथल्या देवळातल्या पंगतीत वाढपी असा वागला असता तर पळी काढून घेतली असती.

१५ जानेवारी

रुद्रेशचा फोन. सिद्धीचा भाऊ, बोटीवर वेटर आहे. म्हणे अमेरिकेत जेवणाऱ्याने टिप न देणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. तिथल्या वेटरचं घर त्यावरच चालतं, म्हणून बिचारे हसून हसून गाल दुखवून घेतात. आणि जपानात हा जेवून वरचे पैसे मेजावर ठेवून निघाला, तर वाढणारी बाई रस्त्यापर्यंत धावत आली — तुमचे पैसे राहिले म्हणून! वाढणं मात्र नैवेद्य दाखवावा तसं.

पुढे पगाराचं काहीतरी सांगत होता. मी फोन सिद्धीकडे दिला. मला हवं ते ऐकून झालं होतं.

१६ जानेवारी

आज मीपण जपानची झाले! गोऱ्याने ताटाखाली नोट ठेवली. विशालचा हात पोचायच्या आत माझा पोचला. गोऱ्याला स्कूटरजवळ गाठून नोट परत दिली. आमच्याकडे जेवणाऱ्याकडून वरचं घेत नाहीत, असं सिद्धीने इंग्रजीत सांगितलं. त्याने हात जोडले. कृष्णनाथाने संध्याकाळी पाटीच लावली — येथे टिप घेत नाहीत.

विशाल ताटं उचलत होता. काय रे, जीभ गिळलीस, मी म्हटलं. सगळे हसले.

२३ जानेवारी

आता विशाल सगळ्यांना सारखंच वाढतो. सारखंच उशिरा.

२ फेब्रुवारी

विशाल गेला. पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी चिडवलं, टिपेच्या मागे चाललास वाटतं.

"आज्जी, पगार ठरवतानाच मालक म्हणाले, टिप मिळतीय की, म्हणून पगार कमी. बायको बाळंतपणाला गावी आहे. तिला टिपेतलंच पाठवत होतो. तुम्ही पाटी लावली. पगार तेवढाच ऱ्हायला."

आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं.

कृष्णनाथाला विचारलं. मान वर न करता म्हणाला, सगळे तसंच देतात, आई. मग रुद्रेशला फोन लावायला लावला. त्या दिवशी पुढचं काय सांगत होतास रे?

"तेच तर, आजी. जपानात पगार पुरता देतात, म्हणून टिप लागत नाही."

तोंड कुठे लपवू? मोठेपणा माझा, भाकरी त्याची. त्या गोऱ्याने हात जोडले तेव्हा मी किती फुगले होते! आणि हा आत त्याच्याच मेजावरचं खरकटं पुसत होता.

पाटी मीच उतरवली. पुढच्याला पुरता पगार दे, म्हटलं. कृष्णनाथ म्हणाला, बघू. विशाल फोन उचलत नाही.

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी

नवा वेटर नाही. दुपारी मीच वाढायला उभी राहिले. मुंबईकडच्या एकाने हातात नोट ठेवली. माझी मूठ मिटली. आपोआप मिटली गो! आणि इसवण मासा तळून आला, तो पहिला त्याच्याच ताटात वाढला. कोपऱ्यात दोन बाया केव्हाच्या बसल्या होत्या.

विशालला मुलगी झाली म्हणे. सिद्धी, बाळंतिणीला मेथीचे लाडू पाठव. तूप सढळ घाल. आणि माझं नाव सांगू नको.