बस्त्यावसाठी लाकडी मासा

२४ फेब्रुवारी १८८७, ठाणे
काल राखेचा बुधवार. बस्त्याव देवळात आला नाही. होडी नि धक्का यांच्यामध्ये उजवा हात चिरडला, तेव्हापासून माझा हा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. जखम भरली, बोटं वळत नाहीत. जाळं ओढता येत नाही, म्हणून तांडेलाने होडीवर दुसरा गडी घेतला. माझी बायको मारी पेज घेऊन गेली तर म्हणे, "वैनी, मना खाडीत सोडून या." चुलीपाशी येऊन रडली.

२७ फेब्रु.
गळ देऊन पाहिला. डाव्या हाताने दोर धरतो, पण गळाला कोलंबी ओवता येत नाही. मी ओवून देतो म्हटलं. "मरेपरयंत ओवशील काय?" गळ चिखलात फेकला.

३ मार्च
खाडीवर सुतारकामाची हत्यारं धूत होतो. लाकडी पाचर निसटली, तरंगत गेली. खालून जिताडा मासा आला. गपकन तोंडात घेतली, थुंकली.
तिथेच बसून राहिलो. लाकडाचा मासा! ओवायला नको, कुजायला नको. एकदा दोराला बांधला की...

७ मार्च
ओल्या सागाचा मासा केला. जड, थेट तळाला. मग पांगाऱ्याचा. पोहतो झकास, पण पाणी पिऊन फुगला, रंगाचे पोपडे निघाले, पोटाशी चिरला. देवळासाठी करायचे बाक अर्धवट पडलेत. पाद्रीबाब येऊन बघून गेले.

१२ मार्च
पांगाऱ्याचाच दुसरा. बस्त्यावला जबरदस्तीने नेला. जिताडा लागला! त्याचा चेहरा काय सांगू. नि तेवढ्यात गळ लाकडातून उपटला. मासा गेला.
"तुजा लाकूड पन माज्या हातासारकाच, दादूस."
जेवला नाही.

१४ मार्च
पहाटे अंथरुणात नव्हता. ओहोटीच्या पाण्यात छातीपर्यंत उभा. हाक मारली, वळला नाही. ओढून आणला. दोघं चिखलात बसून राहिलो. मारीला सांगितलेलं नाही.

१९ मार्च
सां जुझेचा, म्हणजे संत जोसेफचा सण, आम्हा सुतारांचा. आज हत्यार धरू नये. धरलं.
कल्याणच्या वखारीतून शिवणीचं वाळलेलं लाकूड आणलं. हलकं, पाण्याने फुगत नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत भोक पाडून आरपार पितळेची तार. गळ तारेलाच, म्हणजे लाकूड फुटलं तरी सुटणार नाही. पोटात थोडं शिसं. गरम अळशीच्या तेलात बुडवून ठेवलाय. वाळला की लाखेचे थर.

२४ मार्च
बस्त्यावने चावून पाहिला, दगडावर आपटला. ओरखडाही नाही. हसला! "ह्यो नाय तुटाचा."

२६ मार्च
लागला. एवढा मोठा जिताडा मी पाहिला नव्हता. डाव्या हाताला आवरेना, तर या वेड्याने दोर निकाम्या हाताच्या मनगटाला गुंडाळला. दोर मांसात रुतत गेला. मी सुरी काढली.
"कापशील तर सायबिनीची आन तुला!"
नाही कापला. मासा काठावर आला. तांडेल स्वतः बघायला आला, म्हणाला, "ईस्टर झाला का ये माज्या होडीवं. गळ तूच सांभाळ." बस्त्याव लहान पोरासारखा रडला. मनगटावर मारीने हळद दाबली.

३० मार्च
मनगट काळंनिळं, कोपरापर्यंत सूज. ताप. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. हात कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर चढेल. बस्त्याव ऐकत नाही. "होडीवं बोलवलंय मना. थोटा घेतील काय?"

१ एप्रिल
ताप चढलेलाच. बाहेर लोक लाकडी मासा बघायला मागतात. लाखेला तडासुद्धा नाही. पांगाऱ्याचा असता तर गळ उपटला असता, जिताडा गेला असता, दोन दिवस रुसला असता. एवढंच. तुटू नये म्हणून मी काय काय...
दुपारी तापात त्याची बडबड चालली होती, वल्ह्यांची, वाऱ्याची. मग शुद्धीवर आला. आणखी एक लाकडी मासा कर म्हणाला, थोडा लांबट.
मारी दारात उभी. म्हणते, त्याला न विचारता डॉक्टरांना आणा, पाय धरते. हो म्हणणार, तेवढ्यात आतून हाक.
"दादूस, दुसरा मासा घ्यातलास काय करायला?"